एवढंच? मोडायचं काही नाही?

(पंचवटीत, भाजीबाजाराजवळची चहाची टपरी. तिघं मित्रमैत्रिणी.)

पायल: ...आणि कटकन काडी मोडली! झाला काडीमोड!

बंटी: हळू बोल गं, चहावाला बघतोय. कोणाचा?

पायल: आमच्या तृप्तीताईचा! दोन वर्षांपूर्वी, चांदवडला. पंच बसले, त्यांच्यातल्या थोरल्या गेणूआबांनी गवताची काडी धरली, एक टोक ताईकडे, एक रोहितदाजींकडे. मोडली. चहा पिऊन सगळे आपापल्या घरी.

स्नेहल: मग आज कोर्टात कशाला गेला होतात?

पायल: अगं तेच तर! ताईचं आता किशोरशी जमलं ना, नाशिक रोडच्या. वकीलबाई म्हणाल्या, आधीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा दाखव. ताई म्हणे, काडी मोडलीये की!

बंटी: हाहा! काडी दाखवायची मग!

पायल: हसू नको, ती रडत होती. अशी रीत समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे हे कोर्टात सिद्ध करत बसायचं, तोवर ती रोहितदाजींचीच बायको. दुसरं लग्न केलं तर गुन्हा!

स्नेहल: मग दोघांनी मिळून अर्ज करायचा ना? संमतीने?

पायल: केला. वर्षभर वेगळे राहिलेले लागतात, ते होतेच. पण मग सहा महिने थांबा, आणि मधे एक जरी म्हणाला 'नको', की सगळं मुसळ केरात! त्यात तिची सासू, सिंधुबाई, अडून बसल्या. "पंचांनी मोडलेलं खोटं हाय का? आता कोर्टात जाऊन लग्न हाय म्हणून सांगायचं? लोकं हसतील!"

बंटी: आणि रोहित?

पायल: आईच्या शब्दाबाहेर नाहीत. ताईला झोप नाही.

स्नेहल: मग कोणी समजावलं?

पायल: आबांनी! स्वतः गेले त्यांच्या घरी. म्हणाले, "सिंधू, लग्नात आधी हार घातले, मग नोंदणी केली. तवा हार खोटे झाले व्हते का? काडी मी मोडली. सरकारची मोहोर तेवढी राहिली. मीच येतो संगं."

बंटी: आबा लय भारी!

पायल: आणि आज शेवटची तारीख. दाजी येतात की नाही, ताई जिन्याकडेच बघत बसलेली. तर आले! आबा पुढे, ते मागे.

स्नेहल: आणि आत?

पायल: न्यायाधीशबाईंनी दोघांना विचारलं, मर्जीने ना? कोणाची जबरदस्ती नाही ना? दोघंही नीट बोलले. झालं! बाहेर आलो, तर आबा हिरमुसलेले. वकीलबाईंना म्हणतात, "एवढंच? मोडायचं काही नाही?"

बंटी: अरे देवा!

पायल: ताईला हसू फुटलं, दाजींनाही. दोघं भिंतीला टेकून हसतायत, डोळे पुसतायत.

स्नेहल: छान झालं गं.

पायल: हो ना. लग्न होतं तोवर त्यांना असं एकत्र हसताना कोणी पाहिलंच नव्हतं.