माद्रिदहून इतक्या लवकर

"हॅलो?… कोण, फाउस्तिनो?"

एदुविहेसनं प्लॅस्टरमधला पाय स्टुलावरून खाली घेतला. नवऱ्याचं विमान सकाळी दहाला लिमाहून माद्रिदला सुटणार होतं. तिथं लेक यानेतचे दिवस भरत आले होते. आणि आत्ता तर कुठे दुपारचे चार वाजत होते.

"पोचलास?… माद्रिदला?… अरे, बारा तास लागतात ना?… वारा? कसला वारा पाठीमागून? ती काय तुझी होडी आहे?… हो, हो, तिथलं घड्याळ पुढे असतं, ठाऊक आहे मला. घड्याळ पुढे असतं, विमान नाही!… साडेनऊ हजार किलोमीटर, साडेनऊ हजार किलोमीटर, असं गल्लीभर तूच सांगत सुटला होतास. एव्हाना तू भर समुद्रावर असायला हवंस… थांब, थांब. ते कोण ओरडलं?… टीव्ही? आपल्या लिमाच्या बस कंडक्टरसारखं 'ला मरीना, ला मरीना, मागे सरका' असं माद्रिदचा टीव्ही ओरडतो?… आणि ती बाई कोण हसली?… हसली, मी ऐकलं!… तमालेवाली? वा! आपले मक्याचे तमालेही पोचले म्हणायचे तिकडे."

तिचा आवाज एकदम खाली आला. कोळीवाड्यातली ती विधवा तिला आठवली.

"सोलेदाद आहे का तिथं?… सरळ विचारतेय. जत्रेत दोनदा नाचलास तिच्याशी… शपथा नकोत. त्या तमालेवालीला फोन दे… दे म्हणते ना!… हॅलो, ताई, कुठं बसता तुम्ही?… विमानतळाच्या फाटकाबाहेर. बरं. आणि हे गृहस्थ?… सकाळपासून?… एकटेच?… काय? रडतायत?"

होडी उलटली तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता.

"द्या त्याला… फाउस्तिनो?… हं… विमानाच्या दारापर्यंत गेलास… मग?… पाय उचलेना… अरे, मग मला सांगायचं. मी काय हसले असते?… बरं, हसले असते. म्हणून इतकं खोटं?… नाही, नाही, घरी यायचं नाही. अरे ऐक ना. आधी यानेतला फोन कर. पोर पहाटे विमानतळावर तिष्ठत उभी राहील… 'विमान बिघडलं' वगैरे नको. बाबा घाबरला, असंच सांग… लाज कसली? ती परक्या गावात एकटी बाळंत व्हायचीय. ती काय कमी घाबरलीय?… तुझ्याशी हसूनच बोलणार ती! परवा माझ्याजवळ रडली, आणि वर म्हणाली, बाबांना सांगू नकोस… हॅलो? आहेस ना?… उद्याच्या विमानात जागा आहे? विचारलंस?… कधी?… मग जाशील? नक्की?… डोळे मिटून बस, पण जा… आता ठेव. ठेव आणि तिला लाव."

त्यानं ठेवला. एदुविहेसनं पाय पुन्हा स्टुलावर ठेवला. मग राहवेना, तिनं यानेतचा नंबर लावून पाहिला.

लाईन बिझी होती.