मिटिंग ऐकणारं मशीन

"...आन् वच्छलाबाईंचा आवाज मशीनमधी घ्यायचाच, पण त्यांना आधी कळू द्यायचं न्हाई हां, न्हाईतर त्या..."

न्हाईतर त्या काय? काय त्या? तुम्हाला सांगते, नेमकं इथंच त्या दुधाच्या टँकरनं असला हॉर्न मारला, असला मारला, की पुढचं सगळं वाक्यच गिळून टाकलं मेल्यानं, आन् मी आपली भिंतीला कान लावून तशीच उभी, हातात खरकटं पाणी, ते पायावर सांडतंय त्याचीबी शुद्ध न्हाई! आता कान लावून म्हंजी मुद्दाम न्हाई बरं का. आमची आन् प्रतिभाची भिंतच एक हाय. तिच्या कढईत मिरची पडली की शिंक मला येती. शिंक येती तर बोलणं न्हाई का येणार? भिंतीनं काय निवडून पाठवायचं का?

आन् बोलणारी कोण? प्रतिभा! जिच्या बाळंतपणात शिरूरच्या दवाखान्यात मी उशाशी बसले, जिला मी लोणच्याची पहिली बरणी देते, ती प्रतिभा फोनवर कुणाला तरी सांगतीय की वच्छलाबाईंचा, म्हंजी माझा, आवाज चोरून मशीनमधी घ्यायचा! आता बोलायचं तरी काय माणसानं?

न्हाई, तुम्हाला आधी सगळं नीट सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल ही बया मधूनच सुरू झाली. आमचं गाव निमोणे. आमच्याकडं बायकांची डेअरी हाय. चेअरमन झुंबरबाई, सचिव ही प्रतिभा, आन् दूध जमा करायची जागा कुठं? माझ्या दारात! कडुनिंबाखाली. सकाळ-संध्याकाळ साऱ्या गावच्या बाया किटल्या घेऊन माझ्या दारात. कुणाची म्हस आटली, कुणाची सून रुसली, कुणाच्या दुधाला फॅट लागंना, सगळं मला बसल्या जागी कळतं. पोरगं चाकणला कंपनीत, ते येतं दिवाळीला. पोरगी दिली दौंडच्या पुढं. घरात उरलो आम्ही दोघं, आन् आमचं माणूस असं की सकाळी "चहा" म्हणतं आन् रात्री "दिवा मालव" म्हणतं, झालं, दिवसाचं बोलणं संपलं! मग त्या किटल्या म्हंजी माझ्यासाठी काय असत्याल, तुम्हीच सांगा.

आन् त्यावरच डोळा ठेवला होता त्या बाळासोनं. बाळासो म्हंजी दुधाच्या प्लँटचा माणूस, टँकरबरोबर फिरतो. त्याचं एकच टुमणं, "डेअरी चौकात हलवा, गल्लीत टँकर वळत न्हाई." आन् वर मागं एकदा काय म्हणाला माहितीय? "हितं दूध कमी आन् गप्पा जास्त जमा होत्यात." माझ्या दारात उभं राहून! माझ्याच तांब्यातलं पाणी पिऊन!

म्हंजी लागला की न्हाई मेळ? मला तर त्या भिंतीशीच लागला. माझ्या गप्पा मशीनमधी घ्यायच्या, मिटिंगमधी वाजवायच्या, "बघा, हितं काय चालतं" म्हणायचं, आन् डेअरी उचलायची! खरकटं पाणी म्हशीला द्यायचं ते मी तुळशीला घातलं.

झुंबरबाईला आडून-आडून इचारलं. तर ती काय, तिच्या पोटात तीळ भिजत न्हाई, लगेच म्हणाली, "अगं व्हय, प्रतिभाचा भाऊ न्हाई का दौंडला, मोबाईलच्या दुकानवाला, संघर्ष? त्यो तीन मशिनं आणून दावणार हाय. एआयचं हाय म्हणं. नुसतं टेप करत न्हाई बाई ते! कोण काय बोललं ते नावानिशी लिव्हतं, मिटिंगमधलंबी आन् फोनवरचंबी, आन् वर थोडक्यात सार काढून देतं! तिन्हीतलं एक निवडायचंय."

मी म्हणलं, "आन् ते कशापायी?"

"अगं, बाळासोपायी! फोनवर एक बोलतो, मिटिंगमधी दुसरं, आन् धरायला गेलं की 'मी असं म्हणलोच न्हाई ताई!'"

बाळासोपायी म्हणं! मला काय ते पटलं न्हाई. बाळासोपायी आणलंय तर माझ्यापासनं लपवायचं काय कारण? नावानिशी लिव्हतं! मी काय कुणाचं वाईट बोलती का? मी हाय ते बोलती. फक्त ते झुंबरबाईला एक तऱ्हेनं सांगते आन् डेअरीतल्या सुषमाला दुसऱ्या तऱ्हेनं, ज्याला जसं पचंल तसं. आता हे मशीन दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी मांडणार! आता बोलायचं तरी काय माणसानं?

म्हणून ठरवलं, बोलायचंच न्हाई.

हसू नका. खरंच तोंडाला कुलूप घातलं मी! सकाळी बाया आल्या किटल्या घेऊन, मी नुसती मान हलवली. झुंबरबाई म्हणाली, "काय गं, दाढ दुखतीय का?" मी मान हलवली. सुषमा म्हणाली, "काकू, मौन धरलंय का कसलं?" मी मान हलवली. पोटात बोलणं असं फुगलं, असं फुगलं, जसं उतू जाणारं दूध, आन् वर झाकण! आमच्या माणसाला पहिल्या दिवशी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, गालातल्या गालात हसत होता. मग मात्र घाबरला. जवळ येऊन बसला, आन् जन्मात कवा बोलला न्हाई तेवढं बोलला, "अगं, शिव्या तरी दे. घर खायला उठलंय." डोळ्यांत पाणीच आलं माझ्या, पण म्हणलं, न्हाई! भिंत एकच हाय!

प्रतिभा तर रोज यायची. "काकू, माझं काय चुकलं का? बोला की! मिटिंगला तरी बोलणार ना?" बघा, बघा! कशी काळजी! मी मनात म्हणलं, व्हय गं माझे बाई, तुला सावज पायजे!

मग आली मिटिंग. माझ्याच कडुनिंबाखाली सतरंजी. तो संघर्ष आलावता दौंडवरनं. नाव संघर्ष, पण पोरगं कसं, ताकासारखं गार. चाळिशीला आलाय, टक्कल पडलंय, तरी हळूच बोलणार, "ताई, हे पेनासारखं हाय, हे गळ्यात लॉकेटसारखं घालायचं, आन् ही पत्र्याची चपटी पट्टी, फोनच्या मागं चिकटती, म्हंजी कॉलबी रेकॉर्ड. मराठी तिन्हीला येतं म्हणत्यात. आज सकाळपासून प्रतिभाताईच्या फोनला ही पट्टी लावलीय बघा."

आधी पेन. झुंबरबाई म्हणाली, "माझी म्हस धार काढताना लाथ मारती, डॉक्टर पाठवा." पेननं काय लिव्हावं? संघर्षनं वाचून दावलं: "बैठक में भैंस के आचरण पर गहरी चिंता व्यक्त की गई." हिंदीत! झुंबरबाई लाल झाली. "माझ्या म्हशीचं आचरण? अरे, तिच्या आचरणाला काय झालंय? गुणाची हाय ती!" गेलं पेन.

मग लॉकेट. ते प्रतिभानं गळ्यात घातलं, तर त्याला मंगळसूत्र लागायचं. ती हालली की मणी वाजायचे. लिव्हलं काय, तर नुसतं "खडखड. खडखड. अस्पष्ट. खडखड." बायकांच्या गळ्यात काय-काय असतं ह्याचा इचार ते बनवणाऱ्यानं केलाच न्हाई! गेलं लॉकेट.

राहिली पट्टी. संघर्ष म्हणाला, "ह्याला आधी आवाज ओळखीचे करून द्यावे लागत्यात. एकेकीनं आपलं पूर्ण नाव सांगा."

पूर्ण नाव! म्हंजी मध्ये नवऱ्याचं! आता आमच्यात नवऱ्याचं नाव असं सरळ, उन्हातान्हात, मशीनम्होरं कोण घेईल? सगळ्या लाजल्या. झुंबरबाईनं पदर सावरला आन् घेतला उखाणा:

"गाईच्या दुधाला म्हशीची साय,
हौसरावांचं नाव घेते, मशीन ऐकतंय काय?"

टाळ्या पडल्या हो! मग सुषमानं घेतला, मग बाकीच्यांनी घेतले, हळदीकुंकवासारखं झालं. माझी पाळी आली, संघर्षनं पट्टी पुढं केली, "मावशी, बोला." मी? मी देती काय आवाज! मी तोंडाला पदर लावून मान हलवली. प्रतिभाचा चेहरा असा पडला, असा पडला... मला बरंच वाटलं.

आन् तेवढ्यात त्या पट्टीनं आपलं आपलं सार काढलं, आन् संघर्ष वाचतोय: "ठराव पहिला. गाईच्या दुधात म्हशीची साय मिसळणे. जबाबदारी, श्री. हौसराव." अरारारा! डेअरीच्या मिटिंगमधी भेसळीचा ठराव! आन् प्लँटचा माणूस नेमका तवाच फटफटीवरनं उतरतोय! झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. "पुस रे ते, पुस आधी! आमचे हे तुरुंगात जात्याल!"

बाळासो आला, बसला, आन् खाकरून म्हणाला, "प्लँटचा आदेश हाय. गल्लीत टँकर वळत न्हाई. डेअरी उद्यापासून चौकात. कुणाची हरकत?"

सगळ्या माझ्याकडं बघाय लागल्या. प्रतिभा मला कोपरानं ढोसतीय, "काकू, बोला! काकू, आता तरी बोला!" आन् तुम्हाला सांगते, मी बघितलं त्या झाडाखाली... त्या किटल्यांच्या बुडाच्या गोल-गोल खुणा पडल्यात मातीत. डेअरी गेली म्हंजी उद्या सकाळी मी दारात येणार, आन् तिथं कोण? कोणच न्हाई! मग म्हणलं, मरू दे ते मशीन!

झाकण उडालं! काय बोलले, काय बोलले म्हणून इचारू नका! "अरे बाळासो, टँकर वळत न्हाई म्हणतोस, तर तो काय आजवर उडत येत होता का? पाऊस आला की माझ्या पडवीत दूध ठेवलं, कुणी? लाईट गेली की माझ्या घरातली बॅटरी! पाणी तू कुणाच्या तांब्यातलं पितोस?" एवढ्या दिवसांचं साचलेलं सगळं, आगा ना पिछा, मधी बाकीच्याबी बोलत होत्या, पण मला कोण ऐकू येतंय! चहा उकळून आटला तरी मी चालूच. शेवटी घसा बसला तवा बसले.

बाळासो गार म्हणाला, "बरं. पण टँकर वळत न्हाई तो न्हाईच."

तवा प्रतिभानं फोन पुढं केला. "दादा, आज सकाळी तुम्ही फोनवर काय म्हणालात? मी आधीच सांगितलंवतं, मशीन लावलंय म्हणून, तुम्ही हसण्यावारी नेलंत."

"लावा की!" बाळासो म्हणाला, "मी काय लपवतोय का?"

संघर्षनं वाचलं, हळू, ताक ओतल्यासारखं: "बाळासो: टँकरची अडचण न्हाई हो ताई. चौकात मेव्हण्याचा गाळा रिकामा पडलाय, एवढंच. आदेश-बिदेश काय न्हाई, तो मी सांगतो म्हणून."

बाळासो म्हणाला, "मी असं म्हणलोच..." आन् थांबला. पट्टीकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं हे वाक्य अर्धं राहिलं! डेअरी राहिली हो जागच्या जागी! बाया उठून नाचायच्याच बाकी होत्या, आन् झुंबरबाई ओरडली, "हीच पट्टी घ्यायची! ठरलं!"

मी म्हणलं, थांबा, थांबा. आधी माझं वाचा. मी एवढी गरजले ते वाचा.

संघर्ष पट्टीकडं बघतोय, प्रतिभाकडं बघतोय, डोक्यावरनं हात फिरवतोय. मग वाचलं. झुंबरबाईचं नाव होतं, तिचं म्हणणं होतं. सुषमाचं होतं. जी कवा तोंड उघडत न्हाई तिचंबी होतं. आन् माझं? "बाहेरचा आवाज: सतत. काढून टाकला."

बाहेरचा! माझ्या दारात, माझ्या झाडाखाली, मी बाहेरची!

तवा प्रतिभा हसू दाबत म्हणाली, "काकू, रागावू नका. मिटिंगमधी तुम्ही बोलाय लागलात की दुसऱ्या कुणाचं काय ऐकूच येत न्हाई. म्हणून त्या दिवशी फोनवर संघर्षला म्हणलंवतं, वच्छलाबाई बोलत असतानाबी ज्या मशीनला बाकीच्यांचं ऐकू येईल तेच घ्यायचं. तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही मुद्दाम गप्प बसला असता, मग परीक्षा कशी व्हायची? तरी बसलातच!"

म्हंजी बघा, मी ऐकलं ते खोटं न्हवतं. माझा आवाज घ्यायचा होता, व्हय. पण ठेवायला न्हाई हो, गाळायला! आता बोलायचं तरी काय माणसानं? आन् त्या पट्टीला शिव्या तरी कोणत्या तोंडानं द्यायच्या? तिनंच तर डेअरी वाचवली माझी.

तरी मी संघर्षला बाजूला घेतलं. म्हणलं, "बाबा, तवा नाव न्हाई सांगितलं, चुकलं माझं. आता घे माझा आवाज." हळूच उखाणा घेतला, कसला ते तुम्हाला सांगणार न्हाई. त्यानं काय-काय दाबलं, मिटिंगचं रेकॉर्डिंग परत लावून बघितलं, आन् टकलावरनं हात फिरवत म्हणाला, "मावशी, झालं. आता तुमचा शब्दन्‌शब्द येतोय. पण मग बाकी कुणाचाच येत न्हाई. एक तर तुम्ही, न्हाईतर सगळं गाव. काय ठेवू?"

मी त्या किटल्यांकडं बघितलं, आन् म्हणलं... ठेव बाबा गाव.