कबुलीजबाब

—नाही, आत नको, इथंच ओट्यावर बस. आणि आधी सांग, तुला पाठवलं कुणी? कॉलेजनं? कॉलेजला त्या गोऱ्या हॅलोवेल साहेबाची तीस वर्षांनी कशाला आठवण झाली? बरं, ही कोलाची बी घे, चावत राहा. साहेबाची कारकीर्द हवी ना, ऐक तर— तेविसाव्या वर्षी घोड्यावरून आला, जिल्ह्याचा साहेब झाला, रस्ता केला, दवाखाना बांधला, बढती घेऊन गेला. मी त्याचा दुभाषी, तंको— लिहितावाचता येतं म्हणून लोक मालम म्हणतात. झालं. झालं म्हटलं ना! शेहूचं नाव कुणी घातलं तुझ्या कानात?

बाजारात? बाजारात काय, वाटेल ते बोलतात. शेहू खाटकाचा पोरगा, हाताला दोर गुंडाळून मुठींनी लढायचा. बावा म्हणून एक गडी होता, त्याला त्यानं लढतीत लोळवलं, सगळ्या गावानं पाहिलं. बावा उठला, ताकात कालवलेला बाजरीचा फुरा प्यायला, घरी गेला— आणि दोन दिवसांनी नदीत सापडला. बुडाला असेल, मी काय नदीवर राखणीला होतो? साहेबानं विचारलं तर शेहू छाती फुगवून म्हणतो, "हो, मीच त्याला ठार केलं." आता तू आपल्या हौसा लोकांतलाच, तुला काय सांगायचं— लढतीत पाडलं की आपण ठार केलंच म्हणतो. दर शुक्रवारी चार-पाच ठार होतात नि कपडे झटकून घरी जातात. पण साहेब नुकताच आपल्या भाषेची परीक्षा पास झालेला. त्यानं ती कबुली म्हणून लिहून घेतली.

मी? होतो ना, खुर्चीमागंच उभा होतो. असा बघू नकोस. त्याच सकाळी सगळ्या कचेरीदेखत तो मला म्हणाला होता, तंको, आता तुझ्या जिभेची गरज नाही. नाही ना गरज? मग बस म्हटलं, मी कशाला चूक सांगू? वरच्या कोर्टात कुणीतरी सांगेल, साहेबाचं हसं होईल— एवढंच होईल असं वाटलं मला, अल्लाची शपथ. शेहूला ट्रकमध्ये चढवलं तेव्हा तो मला विचारतोय, "मालम, मी जिंकलो यात साहेबाला राग कसला?" मी म्हटलं, जाईल राग, महिन्याभरात येशील परत. वरच्या कोर्टातला दुभाषी निघाला किनाऱ्याकडचा, त्याला आपली लढत काय ठाऊक? फाशी दिली.

—काय लिहितोयस? दाखव. फाड ते पान. साहेबाचं विचारायला आलास ना, मग साहेबाचंच लिही. मी एक शब्द बोललो नाही— तेव्हाही नाही, आत्ताही नाही. ऊठ. अजान झाली.