घोडीच्या शेजारची बादली

जनावराला पथ्य सांगणं सोपं असतं राव, मालकाला पाळायला लावणं अवघड. मी जनावरांचा डॉक्टर, मला विचारा.

राजुरीच्या आण्णांची घोडी, शर्यतीत बैलगाड्यापुढं पळणारी. यात्रा आठ दिवसांवर आली आणि ती लंगडायला लागली. बघतो तर खुरात पू. तो काढला आणि बजावलं, "यंदा पळवायची नाही. रोज अर्धा तास पाय मिठाच्या कोमट पाण्यात ठेवा."

आण्णा नुसतीच घोडीची मान थोपटत राहिले. मला वाटलं, हा माणूस काही ऐकत नाही. म्हणून यात्रेच्या दिवशी मुद्दाम गेलो. शर्यतीचा भोंगा पार गोठ्यात ऐकू येत होता. घोडीचा पाय बादलीत, आणि शेजारी खुर्चीवर आण्णा. त्यांचे दोन्ही पाय दुसऱ्या बादलीत!

"आण्णा, तुमच्या पायांना काय झालं?"

"मला काय व्हतंय? ती एकटी पाय ठेवत न्हाई, डॉक्टर. मी ठेवला की ठेवती. आज तर भोंगा ऐकून लई नाचत व्हती."

"आणि तिकडं तुमचा गाडा?"

"पुतणे बघत्यात. पुढं दुसऱ्याची घोडी घेतलीय."

तेवढ्यात काकू गरम पाणी घेऊन आल्या. आधी घोडीच्या बादलीत जपून ओतलं, मग आण्णांच्या. मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"टाचांच्या भेगांसाठी तीस वर्षं हेच सांगतेय, कधी ऐकलं न्हाई. डॉक्टर, घोडी बरी झाली तरी ह्यांना इतक्यात सांगू नका. ह्यांच्या टाचा अजून भरायच्यात."