फुलं पलीकडे

रोपवाटिकेत माझ्यापुढे एक काकू होत्या. रोपवाल्याशी त्यांचं बोलणं चाललं होतं.

“क्लेमॅटिसची वेल हवीय. कुंपणाच्या भिंतीवर चढवायला.”

“ऊन कुठून येतं, काकू?”

“पलीकडून. माझ्याकडे दिवसभर सावली.”

“मुळांना सावली मानवते. पण ही जांभळी उन्हाकडे धावते. फुलं सगळी पलीकडे लागतील.”

“म्हणजे पाणी मी घालायचं आणि फुलं जावेला?”

“पलीकडे जाऊबाई राहतात होय?”

“धाकटी. सहा वर्षं झाली, एकमेकींचं तोंड बघत नाही. धाकटी आहे ना, आधी तिने यायला नको?”

“मग ही फिकट गुलाबी न्या. सावलीतही फुलते, तुमच्याकडेच राहील. जांभळीची कटकट फार. बहर ओसरला की शेंडे छाटायचे, तेही फुलं असतील त्या बाजूने.”

“म्हणजे तिच्या अंगणात जाऊन?”

“वर्षातून दोनदा तरी. म्हणून म्हणतो, गुलाबीच बरी.”

“दोनदा?”

“निदान.”

“जांभळी द्या.”

“बरं. छाटायला कात्री देऊ?”

“कात्री नको. ती मागून घेईन तिच्याकडून.”