इंजिनाची पूजा हलवायची कुनी?

आन् वर आमचा जोतीरामनाना मलाच म्हनतोय, "तू सेक्रेटरी हायस न्हवं, मग लिव अर्ज!" आवं, तीन लिवले की! तुमाला सांगतो, शेहेचाळीस साल, सांगलीकडच्या आमच्या वीजघरातली युनियन म्हंजे आमी नऊ टाळकी, त्यात लिवता येनारा मी एकटा, म्हनून सेक्रेटरी... आन् मागनी काय, तर खांबावर चढनाऱ्याला रबरी हातमोजं द्या! नानाचा पंजा तारंला लागून भाजला तवाची गोष्ट. मालक चिंतामणराव म्हनतात, "अहो, युद्धामुळे रबर कुठं मिळतंय?" नाना भाजलेल्या हातानंच दावतोय, "मग मोटारीला नवं टायर कशाचं, गुळाचं?" झालं! खंडेनवमीच्या सांजंला नाना कामावरनं बाद. लय आडमुठा म्हातारा, तुमाला सांगतो!

पन त्याच सकाळी नानानं इंजिनाची पूजा मांडलेली. झेंडूची माळ, हळदकुंकू, म्होरं नारळ. वीस वर्सं तोच मांडतोय. आन् रीत अशी, ज्यानं मांडली त्यानंच दसऱ्याला हलवायची, तवर इंजिनाला कुनी हात लावायचा न्हाई! मालकास्नी ठावं न्हवतं? व्हतं की! पन रागात मानसाला रीत आठवती व्हय?

दसऱ्याला दिस वर आला, इंजिन गप. गिरण बंद, पान्याचा पंप बंद, बाया रिकाम्या घागरी घेऊन मालकांच्या दारात! "चालू करा!" आमी आठ जन हात जोडून हुबं. "मालक, पूजा हाय." "मग हलवा!" "कुनी?" शेवटी मालक सोताच नारळाला हात घालाया गेलं, तर मागनं त्यांच्या आईसाहेब, "चिंतू! खबरदार! दुसऱ्यानं मांडलेली पूजा मोडतोस?" हात तितंच थांबला बघा!

गेली मोटार नानाच्या दारात... आन् आली रिकामीच! नाना म्हनला, "मी आता नोकर न्हाई, मला काय अधिकार?" आरं, किती आडमुठा असावं मानसानं! मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आता आमची बी नोकरी जातीया म्हनलं... आन् खरं सांगतो, डोळं भरून आलं. मालकाला असं तोंडावर 'न्हाई' म्हननारा त्या आवारात कवा जल्मला न्हवता. मोटार परत गेली, ह्या खेपंला सहीचा कागद घेऊन. नोकरी परत, आन् हातमोजं म्हैन्याच्या आत! तवा कुटं नाना आला, पूजा हलवली, इंजिन धडधडलं. हातमोजं बी आलं. लय, लय आडमुठा!

फुडच्या खंडेनवमीला जाऊन बघतो तर काय... दिस उगवायच्या आधीच मालक हजर, सोवळं नेसून, पूजा मांडून मोकळं! आता घ्या! आमचं एकुलतं एक हत्यार, ते बी मालकानं नेलं! मी कपाळाला हात लावला, तर नाना हातमोजं चढवत म्हनतोय कसा, "रडतोस कशाला रं? वीस वर्सांत मालक पयल्यांदा येळंवर कामाला आला, हे काय थोडं हाय?"