खिडकीपर्यंत चालत गेलेली कॉट

लेक: ‘दार लाव गं, शेजारी ऐकतील!’ हे कोण म्हणायचं हो, बाबा? सकाळपासून कानात घुमतंय. एवढंच वाक्य, आणि मागे कसला तरी ठेका. डुब्-डुब्, डुब्-डुब्.

बाबा: तुझी आई म्हणत असेल. तू आधी कॉट दाखव. फोनवर नुसती किंचाळत होतीस. पाना, स्क्रूड्रायव्हर, हाताला येईल ते पिशवीत कोंबलं नि धावत सुटलो. तीन जिने चढून आलोय, या वयात!

लेक: किंचाळणार नाही तर काय! अहो, कॉट चालली! मी आंघोळीला गेले तेव्हा या भिंतीशी होती, बाहेर येऊन बघते तर खिडकीपाशी! आत आमचे इंजिनराव हातागुडघ्यांवर उभे. पुढे-मागे, पुढे-मागे. डोकं कठड्याला टण्! वय आठ महिने, घाम मात्र हमालासारखा. आणि मला बघून खदखदा हसतोय!

बाबा: आणि तूही हसलीस?

लेक: हसले. मग दिसलं, पडद्याची दोरी त्याच्या मुठीत होती. गळ्यापासून एवढ्या अंतरावर. झडप घालून सोडवली मी ती.

बाबा: चाकं. माझीच करणी ती. तुला झाडायला सोपं जावं म्हणून हौसेनं चाकं लावून दिली. चाळीस वर्षं फर्निचर करतोय, लोकांच्या कपाटांना अक्कल शिकवतोय, आणि नातवाच्या कॉटच्या चाकाला अडसर लावायचं सुचलं नाही!

लेक: आता स्वतःला बोलत बसू नका. दोरी मी तेव्हाच कापून वर बांधली. तुम्ही चाकं काढा.

बाबा: धर त्याला कडेवर. हं... हे एक. हे दुसरं. अरेच्चा! हा बोल्ट बघ, दोन आटे सैल. हाही! ज्या सांध्यांवर हत्ती बसला तरी करकरणार नाहीत, ते या दीड वितीच्या पैलवानानं हलवले. माझे सांधे!

लेक: छाती फुगली बघा आजोबांची!

बाबा: छाती कसली, धडधडतंय आत. त्या पिशवीतलं काढ. दोन उशा, एक गोधडी. चारी बाजूंनी दाबून बसवू. आणि हा पट्टा. तो डोलतो ऐकल्यापासून आतून मखमल शिवून ठेवलंय, टोचायचा नाही. कमरेवरून बांधला की डोलणं बंद.

लेक: नाही.

बाबा: अगं, डोकं आपटतं त्याचं!

लेक: आणि पट्टा सरकून गळ्याशी आला तर? उशीत तोंड रुतलं तर? त्याला बाजूला होता येईल? मीही शहाणी, गेल्या आठवड्यात उशा लावल्या होत्या. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, कॉटमध्ये ताठ गादी, ताणून बसवलेली चादर आणि बाळ. चौथं काही नको. निजवायचं पाठीवर. मग त्याचा तो उलटला तर उलटू दे.

बाबा: आणि हे डोलणं?

लेक: फोनवर काढलेलं दाखवलं त्यांना. त्यांनी निवांत पाहिलं. म्हणाल्या, पुष्कळ बाळं करतात. आपण पाळणा हलवतो ना, तसं ती स्वतःच स्वतःला जोजवतात. ठेका सापडला की जीव निवतो. स्वतःला लागेल इतक्या जोरानं सहसा आपटत नाहीत, आणि तीन वर्षांची होईतो बहुतेकांचं सुटतं आपोआप.

बाबा: बहुतेकांचं.

लेक: हो, काहींचं थोडं रेंगाळतं. बाकी सगळं विचारलं त्यांनी. हाक मारली की वळतो का, बसतो का, खेळतो का. त्यात मागे पडला, दिवसभर तेच करत राहिला, किंवा खरंच इजा व्हायला लागली, तर लगेच घेऊन या म्हणाल्या. नाहीतर कॉट भिंतीपासून लांब ठेवा, बोल्ट वरचेवर आवळा, गादीची फळी खाली घ्या.

बाबा: म्हणजे... डोक्यात बिघाड नसतो?

लेक: डोक्यात गाणं असतं, बाबा!

बाबा: ...सहा नंबरचा पाना दे. फळी दोन घरं खाली घेतो.

लेक: तो पट्टा?

बाबा: टाक पिशवीत. रंध्याला गुंडाळीन. हं, हलवून बघ आता. अजून जोरात! घाबरतेस काय, तुझ्या बापानं केलीय.

लेक: डोंगर आहे नुसता! ठेवते त्याला आत. डोळे चोळायला लागलाच आहे.

बाबा: ठेव आणि खोलीचं दार लावून घे. चार वाजता पाळणाघराच्या बाई प्रवेशाआधी त्याला बघायला येणार आहेत ना? त्यांच्या कानावर हे जायला नको.

लेक: मी तर मुद्दाम सांगणार आहे! तिकडच्याही कॉटचे बोल्ट बघायला हवेत. तुम्हालाच धाडते पाना देऊन.

बाबा: अगं, नावं ठेवतील पोराला. जागा नाही म्हणून वाटेला लावतील. लोकांची तोंडं तुला ठाऊक नाहीत.

लेक: लावू देत. जिथं त्याला लपवून ठेवावं लागेल तिथं तो जाणारच नाही.

(दोघं बाहेरच्या खोलीत येतात. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून आवाज येतो: डुब्-डुब्, डुब्-डुब्. दार उघडंच आहे.)

लेक: सुटले इंजिनराव! बघा, बघा ना! तसूभर सरकत नाहीये कॉट! बाबा, जिंकलात! ...थांबा. हाच. हाच तो ठेका. यावरच आई गायची.
‘डुले वाऱ्यावर वेल, डुले पाण्यावर नाव,
डुलता डुलता येई बाळा, निजेचा गं गाव...’
बाबा, मीही डोलायचे?

बाबा: चार वाजत आले असतील.

लेक: आई गायला लागली की बाहेर तुमचं रंध्याचं मशीन सुरू व्हायचं. हमखास. मला वाटायचं, बाबांना कामाचं किती वेड!

बाबा: त्यात लाकूड नसायचं.

लेक: कशात?

बाबा: मशीनमध्ये. रिकामंच फिरवायचो. पुढे दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असायची. तू चार वर्षांची होईतो डोलायचीस, पोरी. मला वाटायचं, तुझ्यात काहीतरी राहून गेलंय. माझ्या हातून. ते लोकांना ऐकू येऊ नये म्हणून...

लेक: आणि आई?

बाबा: ती दार सताड उघडं टाकून गायची. ‘दार लाव’ ती कधीच म्हणाली नाही. ते मी म्हणायचो.

लेक: म्हणजे सकाळपासून कानात घुमतंय ते तुमचं वाक्य!

बाबा: एकदाही आत येऊन बघितलं नाही तुला डोलताना.

लेक: बेल वाजली, बाबा. बाई आल्या वाटतं.

बाबा: तू बस त्याच्याजवळ. मी उघडतो. आणि ते आतलं दार... असू दे तसंच.